लिफ्ट क्रमांक दोन

दिगंबर खानविलकरांनी यमुनाबाईंना
चौथ्या मजल्यावर लिफ्टमधून उतरवलं,
हे खरं आहे.
व्हिडिओ मीच काढला, एकोणीस सेकंदांचा.
आवाज स्वच्छ येतो :
"तुमची ती दुसरी. बंद असली तर जिना आहे."
यमुनाबाईंची पिशवी दिसते,
गुडघे दिसत नाहीत.

रात्री नऊला टाकला.
दूध आलं तोवर ऐरोली ओलांडून
कुठल्या कुठे गेला होता,
कोणीतरी त्याखाली ढोल वाजवला होता.
मी चहा ठेवला आणि आकडा बघत बसले.
चहा उतू गेला.
आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू.

सेक्टर आठमधलं त्यांचं झेरॉक्सचं दुकान.
अख्ख्या कॉलनीच्या लग्नपत्रिकांचं शुद्धलेखन
हा माणूस फुकट तपासून द्यायचा,
'आशीर्वाद'मधली शी पहिली की दुसरी
यावर वरपित्याशी भांडायचा.
तिसऱ्या दिवशी त्यांच्या शटरवर लाल रंगात उमटलं :
माणुस नाहीस तू.
णु पहिला.
त्यांनी तो पुसला नाही,
दुरुस्तही केला नाही.

आमच्या बाबांना गावकीनं वाळीत टाकलं होतं,
म्हसळ्याकडे, मी दुसरीत असताना.
पालखीच्या वर्गणीचा हिशोब मागितला म्हणून.
गिरणीवाला आईला म्हणायचा, वीज गेलीय वहिनी,
आणि मागे पट्टा फिरत असायचा,
पिठाचा गरम वास आमच्या रिकाम्या डब्यात शिरायचा.

बाबांनी हिशोब मागितला होता.
खानविलकरांनी एका बाईला जिना दाखवला.
ह्या दोन गोष्टी एक नाहीत.
नाहीतच.
तरी ते लिफ्टमध्ये शिरले
आणि आतल्या चौघी बोलता बोलता गप्प झाल्या, बाहेर पडल्या,
तेव्हा मला पट्ट्याचा आवाज आला.
त्या चौघींत मी होते.

राजीनामा झाला. पेढे कोणी वाटले नाहीत, एवढंच.
नव्या कमिटीनं जुनी पाटी काढली.
नवी लॅमिनेट केलेली, कडेला जोडलेले हात :
घरकाम करणाऱ्या भगिनींनी कृपया
लिफ्ट क्र. २ चा वापर करून सहकार्य करावे.
क्रमांक दोन अजून बंद आहे.
मोटरचं कोटेशन आलंय म्हणतात.

यमुनाबाईंची दोन कामं सुटली.
सातशे तीनवाल्या म्हणाल्या, तुझा राग नाही गं,
पण उगाच कॅमेरे नकोत घरापाशी.
मला वाटलं होतं, त्या मला काहीतरी म्हणतील.
त्यांनी फक्त विचारलं,
"ताई, त्यात माझं तोंड का दाखवलं?
लेकीच्या सासरी पोचलं, परभणीला."

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही.
ती लिफ्ट चौथ्यावर थांबली, कारण मी बटण दाबलं होतं.
मी दारातच उभी होते.
त्या दाराला सेन्सर आहे,
पाय मध्ये घातला की ते मिटत नाही.
मी पर्समधून मोबाइल काढला.

आता खानविलकर जिन्यानं येतात, सहावा मजला.
कठडा धरून, दर वळणावर थांबत.
काल दुपारी माझ्या दाराबाहेर दोघं समोरासमोर आले,
ते चढताना, त्या उतरताना.
दोघांनाही धाप.
शेजारून एक नंबरची लिफ्ट रिकामीच वर गेली.

मला वाटलं, आता काहीतरी होईल.
माफी, शिवी, काहीही.
यमुनाबाईंनी पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली.
"साहेब, दुसरी कधी चालू होणार?"
"मी आता कमिटीत नाही."
"मग विचारायचं कोणाला?"

ते जरा वेळ कठड्याकडे बघत राहिले.
मग दोघांनी
माझ्या दाराकडे पाहिलं.

मी घरात होते.