दुखत नाही त्याला

आमच्या मन्सीच्या घराचं तळघर.
एकेकाळी तिथे मी काकडीच्या लोणच्याच्या बरण्या ठेवायचे.
आता फळ्यांवर प्लास्टिकचे खण,
खणांत बासष्ट बॉल पायथन,
आणि भिंतीवर एल्डनच्या अक्षरातला तक्ता:
कोणी कधी कात टाकली, कोणी उंदीर नाकारला,
कोणाला कोणाबरोबर ठेवायचं, किती रात्री.

नावं सगळी बेकरीतल्यासारखी.
बनाना, बटर, सिनॅमन, मोचा.
मूळ रंग मात्र टोगोच्या मातीचा,
वारुळाच्या तोंडाशी, वाळल्या पानांत
दिसूच नये म्हणून मिळालेला.
तो आम्ही पुसत आणला पिढ्यान् पिढ्या,
दिसावं म्हणून.

आम्ही म्हणते, कारण
अंडी मीच उचलायचे.
ती त्यांच्याभोवती वेटोळं घालून बसलेली.
बोटं घालून घालून मी एकेक वळसा सोडवायचे,
मग कोमट पाण्याखाली धरून तिला धुवायचे.
अंड्यांचा वास गेला की
ती जेवायला लागते, असं एल्डन म्हणायचा.
खरंच लागायची.
मी माझे हात दोनदा धुवायचे
आणि वर येऊन बटाटे सोलायला घ्यायचे.

स्पायडरला गिऱ्हाईक सगळ्यात जास्त.
सोनेरी अंगावर काळ्या धाग्याची वीण,
फार बारीक, फार सुंदर.
फक्त मान.
मान एका अंगाला कलते, सावरते, पुन्हा कलते,
जशी पुंगीपुढे डोलावी,
आणि पुंगी तर कुठेच नाही.
अंड्यातून निघतात तीच तशी.
कोणाचं कमी, कोणाचं जास्त,
सुटलेलं एकही मी पाहिलं नाही.

प्रदर्शनात कोणी विचारलंच तर
एल्डनचं उत्तर ठरलेलं:
'दुखत नाही त्याला.
खातो, पितो, वीस वर्षं सहज काढतो.'
आणि तो पावती फाडायचा.
एकदा एका मुलीनं, असेल दहा-अकरा वर्षांची,
डबीला नाक लावून विचारलं,
'तुम्हाला कसं कळलं?'
आई तिला ओढत पलीकडच्या टेबलाकडे घेऊन गेली,
'ब्रायनी, चल.'
एल्डन हसला.
मीही हसले.

गेल्या मार्चमध्ये त्याच्या उजव्या हाताचा अंगठा
बोटावर घासत राहायला लागला,
शेंगदाण्याचं साल काढावं तसा, दिवसभर.
डॉक्टर सटनफील्ड बाईंनी विचारलं, 'दुखतं का?'
'नाही,' म्हणाला,
आणि मग बराच वेळ
समोरच्या कॅलेंडरवरच्या बदकांकडे बघत राहिला.
येताना गाडी मी चालवली.
दोन्ही बाजूंना मक्याची खुंटं, ओलं आभाळ.
रेडिओ त्यानंच बंद केला.

त्या रात्री मी खाली गेले ते जळलेला दिवा बदलायला.
तो अठ्ठावीस नंबरच्या खणापुढे बसलेला.
ती जुनी स्पायडर मादी, तिला नाव नव्हतं.
त्याच्या हातात लांब चिमटा,
चिमट्यात गरम पाण्यात शेकलेला उंदीर.
तिनं झेप घेतली, चुकली.
पुन्हा घेतली, खणाची कड लागली.
चिमट्याचं टोक थरथरतंय, समोर तिची मान,
दोघांत कोण कोणाला चुकवतंय, कळेना.
चौथ्यांदा बसलं.
तिनं उंदराला विळखा घातला.
तो मोकळा चिमटा तसाच धरून होता.
मी दिवा न बदलताच वर आले.

त्या हिवाळ्यात त्यानं अठ्ठावीसची जोडी लावली नाही.
कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
बाकीच्यांची लावली.
औषधं महाग आहेत.

परवा केंटकीचा रस्टी प्रूएट फोनवर होता,
दर वर्षी पिल्लं उचलतो.
'स्पायडर काय आहेत या खेपेला?'
एल्डननं फोन डाव्या हातात घेतला.
'एक म्हातारी आहे. ती विकायची नाही.'
'का? काय झालंय तिला?'

इतक्या वर्षांत विचारल्याशिवाय तो कधी बोलला नव्हता,
आणि विचारल्यावरही हे बोलला नव्हता.
माझ्याकडे बघितलं, मग जिन्याकडे.
'मान हलते तिची,' म्हणाला.