पावणी

फॉर्मवर चार चौकोन आहेत, पसंतीक्रमाचे.
पेन्सिलने तीनदा भरले, तीनदा खोडले.
कागद तिथे आता विरविरीत झालाय.

तन्वेशदादा बेंगळुरूहून म्हणाला, इंजिनिअरिंग घे,
फंडवाले आधी कॉलेजचं नाव बघतात, मग तुला.
तो सेकंदाच्या हजाराव्या भागातले सौदे लिहितो
आणि चतुर्थीला घरी आला की
दिवसभर झोपतो.

क्लॅरिंदा मिस म्हणाल्या, शुद्ध गणित.
पैशाची भाषा दोन वर्षांत येते गं,
सिद्धता मात्र उशिरा शिकलं तर
हाताला वळत नाही.
अर्थशास्त्राचं नाव काढलं तेव्हा
त्यांनी नुसता खडू खाली ठेवला.

बाबांना विचारलंच नव्हतं.

जानेवारीत त्यांच्याबरोबर वाळपईला गेले होते,
काजूच्या डोंगराच्या पावणीला.
झाडावर बोंडू एकही नाही,
नुसता मोहोर, धुकं पडलं तर जळणारा,
आणि माणसं आकडे ओरडतायत
न पिकलेल्या फळांचे.
मी मागच्या बाकावर मनात वक्ररेषा काढत होते:
शेपटी केवढी लांब,
एका वाईट वर्षासाठी जागा किती ठेवायची.
सगुण गावस चढत गेला, चढत गेला.
बाबा एक चाळीसला "पुरो" म्हणाले
आणि बाहेर जाऊन मिरची-पाव खाल्ला.

गावसाचा डोंगर यंदा लगडला.
बाबा चुकले.

आज भाटीपाशी, हुर्राकाची धार बघत,
त्यांनी न विचारता वही पुढे केली.
एकोणीस हंगाम.
बोली किती, डबे किती, धुकं किती दिवस.
यंदाची ओळसुद्धा, खाडाखोड न करता.
एकोणीस आकड्यांतून काही सिद्ध होत नाही,
हे मला माहीत आहे.
त्यांनाही असावं.

एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले,
"ह्या वर्षी सगळं कळत होतं.
तरी मी थांबलो नाही.
आईच्या पाटल्या त्यात गेल्या.
हे कुठल्या विषयात येतं?"

मी उत्तर दिलं नाही.
धूर डोळ्यांत जात होता.

पहिल्या चौकोनात पेनने लिहिलं: संख्याशास्त्र.
बाकीचे तीन रात्री बघू.
सोमवारी कॉलेजच्या खिडकीतला कारकून
कागद नाकाशी नेईल, माझ्याकडे बघेल.
बघू दे.