काटा

सकाळपासून मार्केट यार्डात गुळाचे काटे तपासतोय.
रवे उतरतायत, पिवळे, कोमट, फडक्याला चिकटलेले.
एक माशी माझ्या कॉलरवर येऊन बसलीय,
तिला माझा रिपोर्ट कुणी वाचून दाखवलाय की काय.
अडत्याचा पोरगा खडा पुढं करतो,
‘चाखा की सायेब, आजचाच हाय.’
मी काट्यावर शिक्का मारतो.
खडा त्याच्याच हातात विरघळत राहतो.

माझ्या बॅगेत पितळी वजनं, मखमलीच्या खाचांत,
शेजारी ओल्या रुमालात गुंडाळलेलं इन्सुलिन,
आणि तळाशी मांडीत खुपसायचं एक इंजेक्शन,
आजवर एकदाच लागलेलं.
जालन्यात. चमचाभर चटणीपायी.

साखरेसाठी भात सोडला, मग पोळी, मग भाकरी.
डॉक्टर म्हणाले, भूक लागली तर मूठभर दाणे खा.
दाणे!
दाण्यानं माझा घसा मिटतो, तिळानं ओठ सुजतात.
दोन दारांच्या मधे जी फट उरते
तिच्यातून अंडं जातं, काकडी जाते, वाटीभर ताक जातं.
घरी ती फट सुमन सांभाळते.
गावोगावी मी एकटाच आडवा होऊन शिरतो.

आणि गाव कोणतं, तर कोल्हापूर.
भडंगात दाणे, वांग्यात कूट,
चटणीत तीळ, पांढऱ्या रश्श्यात तीळ,
तांबड्यात काय काय ते वाटणालाच ठाऊक.
तिसऱ्या हॉटेलात वेटरनं माझी यादी ऐकली
आणि गल्ल्याकडं बघून म्हणाला,
‘मग कशाला आलायसा?’
खरं तर काट्यांसाठी. पण सांगितलं नाही.

लक्ष्मीपुरीच्या बोळात मालन पोवारांची खानावळ.
चार बाकं, एक पंखा, दुपारचे अडीच.
माझं कार्ड त्यांनी वाचलं नाही, चष्मा नव्हता.
मीच वाचलं. त्या ऐकत होत्या, काठ पुसत.
‘मिक्सरच्या भांड्याला तिळाचा वास ऱ्हातोय,’ त्या म्हणाल्या,
‘कितीबी घासा.’
आणि मागच्या दारी जाऊन दगडावर दगड धुतला,
आलं, लसूण, मिरं ठेचलं. तेवढंच.
मटणाचं अळणी वाटीत आलं, वर तुपाचे डोळे.
दोन उकडलेली अंडी. कोऱ्या तव्यावर परतलेली मेथी.
ताटातली भाकरीची जागा त्यांनी रिकामी ठेवली,
तिथं दुसरं काही सरकवून झाकली नाही.

मी बोटाला सुई लावली. एकशे एकेचाळीस.
‘माजंबी बगा की,’ त्या म्हणाल्या.
सहज. जसा कुणी हात दाखवतो, भविष्यासाठी.

तीनशे अठ्ठावीस.

‘काटा बराबर हाय न्हवं तुमचा?’

वीस वर्षं हा प्रश्न मी लोकांना विचारत आलोय.
त्यांच्या बोटांकडं बघितलं. आत्ताच गूळ फोडला होता.
‘हात धुऊन या. साबणानं. कोरडे करून.’
दुसऱ्या बोटावर दुसरा थेंब.
तीनशे चार.

पंखा फिरत होता. मला शिक्का मारता येईना.
त्या म्हणाल्या, रात्री चारदा उठतीया, वाटलं वय झालं.
म्हणाल्या, तहान लागतीया, वाटलं चुलीम्होरं लागणारच.
म्हणाल्या, रश्शात मीठ बराबर हुतं न्हवं?
अळणीत मीठ नव्हतंच. मी हो म्हणालो.

कागदावर लिहून दिलं : सीपीआर, उद्या, उपाशीपोटी.
त्यांनी तो चष्म्याच्या रिकाम्या घरात ठेवला.
बिल अर्धं लावलं, भाकरी नव्हती म्हणून.
मी पूर्ण दिलं. त्यावरून भांडलो थोडे.

प्रवासाला चार अंडी बांधून दिली, केळीच्या पानात.
‘रद्दीत न्हाई बांधली. रद्दीला भडंगाचं तेल असतंय.’
एवढं तर माझ्या कार्डावरही नव्हतं.

रात्री कराडच्या पुढं, अंधारात पहिलं अंडं सोललं.
परवा त्यांच्या मुलाचा मेसेज आला, नाव न सांगता :
उपाशीपोटी दोनशे सोळा. गोळी चालू केली.
आई विचारतेय, भाकरी किती खायची, आणि
तुमी काय खाताय आज.