शेवटचा वापर

पिंपळनेरच्या वर, मुरमाच्या पठारावर
चोवीस तबकड्या, सगळ्या एकाच बाजूला तिरप्या.
मी त्यातल्या एकीलाही हात लावत नाही.
माझ्याकडे तक्ता आहे:
इथल्याच माणसांनी लिहिलेले नऊशे सतरा प्रोग्रॅम,
नाव, आवृत्ती, कुठल्या मशीनवर, कोणाचा.

'कोणाचा' हा रकाना सगळ्यात भांडखोर.
सोनगिरेसाहेब म्हणतात, माझा होता, आता देवरेचा.
देवरे पुण्याला गेली.
नियम साधा आहे. नव्वद दिवस मालक नसला
की ओळ लाल, मग प्रोग्रॅम बंद.

सहाशे तेरावी ओळ. नाव: वारा३.
वारा१, वारा२ कुठेच सापडले नाहीत.
मालक रिकामा. शेवटचा वापर मागच्या वैशाखात.
काढून टाकायचा म्हणून उघडला
तर कोडच्याही आधी, अहिराणीत:
"भाऊ, हाई काढजो नको.
आखाजीना वारा उना म्हंजे समजी."

भाऊ.
वाचणारी बाई असेल
हे त्याच्या मनात आलं नसावं.

गेटवरच्या गार्डला नाव ठाऊक होतं.
उखर्डू बागूल, कंत्राटावरचा वायरमन.
मोटारींच्या पॅनलमागे बसून शिकला, लिहून ठेवलं, गेला.
आता साक्रीत पंखे भरून देतो.
फोन लावला. "आजून चाली राह्यनं का ते?"
एवढंच विचारलं त्याने,
आणि मागे कुणाला तरी पाना मागितला.

मालकाच्या जागी त्याचं नाव भरलं.
हा कर्मचारी क्रमांक अस्तित्वात नाही.
पुन्हा भरलं.
अस्तित्वात नाही.
शेवटी माझा क्रमांक टाकला
आणि शेऱ्यात त्याची ओळ उतरवली, जशीच्या तशी.
डेटाबेस जुना, त्याला देवनागरी येत नाही.
सेव्ह केल्यावर उरली नुसती प्रश्नचिन्हं,
ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.
राहू दिली.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी,
खालच्या गावात झोके अजून सोडले नव्हते,
कॅन्टीनचं पत्र्याचं दार आपटलं, मग दुसरं,
आणि बाहेर त्या चोवीस जणी, कोणी न सांगता,
एकेक करून तोंड सरळ वर करून
थांबल्या.

डोळ्यांत माती गेली तरी थोडा वेळ तिथेच होते.
मग आत येऊन पाहिलं. सहाशे तेरा.
शेवटचा वापर: आज, १४:०७.