लाल क्रेट

सातपूरच्या कारखान्यात दिवसभर
मी बुशिंग मोजते.
केसभर जास्त, की लाल क्रेटमध्ये.
कुणाची भीड नाही.

आणि घरी, सिडकोच्या गच्चीवर,
हा प्लास्टिकचा रेकॉर्डर
(शेजारच्या हिरकणीताईंना वाटलं, गाणी टेप करायचा)
चार महिने चुकीचाच वाजवला.

मागच्या भोकाला अंगठ्याने जेमतेम फट ठेवायची,
मी सताड उघडं टाकायचे
आणि वरच्या सुराला
फुंकर नाही, दम द्यायचे.
बोटं अशी उडायची, जणू तव्यावर ठेवलीत.
अवघड जागा आली की
पुन्हा पहिल्यापासून.
म्हणून सुरुवात तेवढी पाठ,
शेवट अजून परका.

टोकणार कोण?
खालचं कुत्रं तेवढं उठून
त्रिमूर्ती चौकाकडे निघून जायचं.

काल मोबाईलवर स्वतःला ऐकलं.
हात आपसूक लाल क्रेटकडे गेला.
घरात लाल क्रेट नाही.

आता एकच जागा घेते.
दोन सूर, मधली उडी.
बोटं भोकापासून तांदळाएवढी वर,
श्वास, बशीतल्या चहावर घालावा तेवढा.

दहादा नीट येतं. अकराव्यांदा
जुनी सवय दारात,
ओळखीची, चप्पल न काढता आत येऊ बघणारी.

तिला बस म्हणत नाही.
उभीच ठेवते.