पालथे गुण

भंवरकुआच्या क्लासमधून परतताना
सातशेवीसपैकी दोनशे ब्याण्णव
घडी घालून खिशात.

पोहेवाल्यानं विचारलं, जीरावन जास्त?
मी नुसती मान हलवली.
त्यानं शेवही वाढवली, न मागता.

घरी आई काही बोलली नाही,
टेबलफॅन तेवढा माझ्याकडे वळवला.

रात्री झोप येईना, तेव्हा
त्याच गुणपत्रकाच्या कोऱ्या पाठीवर लिहिलं:
शेव.
पंखा.
मग बराच वेळ काहीच सुचेना.
मग, नमिष,
ज्याला माझ्याहून कमी पडले
आणि तरी राजवाड्यापर्यंत
डबलसीट सायकल त्यानंच मारली.

सकाळी कचरागाडी गात आली,
तेच रोजचं गाणं.
ओल्या कचऱ्याची बादली घेऊन खाली उतरलो.

दोनशे ब्याण्णव तिथेच होते,
टेबलावर,
पालथे.