टॉवेल चालत नाही

जाताना मेन बटण दाबू नकोस, रेवण.
काल दाबलंस.
हेड अर्ध्या वाटेवर उभं राहिलं रात्रभर, उघड्या तोंडानं,
आणि साखर पेठेत अकरा वाजताही
भिंती तव्यासारख्या.
सकाळी काळा गेलेला, निळा अर्धा.

आधी मशीनचं छोटं बटण. मग थांब.
हेड उजवीकडे जाईल, जागेवर बसेल,
खालून रबराची टोपी वर येईल.
टक्.
तो टक् ऐकल्याशिवाय चप्पल घालायची नाही.

आणि ही पट्टी. बोटाच्या पेराएवढी.
हेडचं तोंड पुसते, एवढंच तिचं काम.
तू रेघ दिसली की क्लिनिंग मारतोस,
परत रेघ, परत क्लिनिंग,
परवा अकरा वेळा!
प्रत्येक वेळी ही घासते बे.
खालचा स्पंज ती सगळी शाई पितो,
पुरे म्हणत नाही,
एक दिवस टेबलावरून ओघळते.
एकदा मार, मग चहा पिऊन ये.
चौकातला. सावकाश.

शेजारी चिलवेरींचे माग.
फटीतून रुवा येतो,
पट्टीला चिकटतो,
पट्टी तो केस हेडवरून ओढत नेते
आणि लग्नाच्या बॅनरवर
नवऱ्याच्या गालावर पांढरी रेघ.
म्हणून शनिवारी पुसायचं. कशानं?
टॉवेलनं नाही.
अख्ख्या मुलखाची अंगं पुसणारं गाव हे,
पण हिला टॉवेल चालत नाही,
बिनरुव्याचं कागदासारखं फडकं लागतं,
ते मी पुण्याहून मागवतो.
हस, हसायचं तर.

नळाचं पाणी नको,
पाचव्या दिवशी येतं आणि तांब्यावर पांढरं सोडून जातं.
बॅटरीवाल्याकडचं आण, चार थेंब.
टोपीची कड ओलसर राहू दे.
नखानं खरवडू नकोस,
ते मी करून बसलोय.

इरण्णा मेकॅनिक म्हणाला होता,
वर्षाची पट्टी तुम्ही चार महिन्यांत खाल्ली.
तीन पट्ट्या, एक पंप, मग अक्कल.

आई विड्या वळायची, दिवसाला हजार.
गेल्या महिन्यात रेशनच्या दुकानात
तिचा अंगठा उठेना.
दुकानदार म्हणाला, पुसून लावा मावशी.
तिनं पदराला पुसून लावला.
लाल दिवा.
परत पुसून. परत लाल.
दुसरं बोट, तिसरं.
रांग मागून ढकलत होती.
माझ्या खिशात नवी पट्टी होती,
सहाशे रुपयांची, पाकीट न फोडलेली.
मी खिशावर हात ठेवून उभा.

तिला घरी आणलं. तिनं काही विचारलं नाही.
सूप पुढं ओढलं, पानं कातरायला बसली.

चल, निघ आता.
नाही, थांब.
टक् झालं नाही अजून.